आधी त्याचं त्याला परत कर

आमच्या इतिहासाच्या सरांचा विषय निघाला की आमच्या बॅचची मंडळी हटकून साबणाच्या डबीपासून सुरुवात करतात. सर खडू साबणाच्या डबीत ठेवायचे हे खरं आहे. गुलाबी प्लॅस्टिकची डबी, गावाला जाताना नेतात तसली. कॉलेजचे खडू सर्दावलेले असतात, फळ्यावर किंचाळतात, म्हणून ते स्वतःचे खडू आणत आणि तास संपला की उरलेले तुकडे डबीत घालून शबनम पिशवीत टाकत. पण डबीचं काय एवढं? माझी आई अजूनही बटणं औषधाच्या बाटलीत ठेवते, तिला कुणी विक्षिप्त म्हणत नाही. सरांचा खरा विक्षिप्तपणा त्यांच्या शनिवारच्या तासात होता. त्या तासाने एकदा आमच्या घरात येऊन जो गोंधळ घातला, तो मी फारसा कुणाला सांगितलेला नाही. आज सांगते.

दोन हजार सात-आठची गोष्ट. पनवेलच्या कॉलेजात टी. वाय. बी. ए.ला इतिहास घेतलेली आम्ही छत्तीस जणं. त्यातली निम्मी तरी दुसरं काही मिळालं नाही म्हणून आलेली. शनिवारचा शेवटचा तास चर्चेचा. वेळापत्रकात तो असायचा, प्रत्यक्षात इतर विषयांची पोरं त्या तासाला वडापाव खायला जायची. आम्हीही निघालोच होतो. सर दारात उभे. आत ढकललं म्हणण्यापेक्षा, ते हललेच नाहीत, म्हणून आम्ही परत जाऊन बसलो.

त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'अपेक्षा' लिहिलं, खाली रेघ ओढली. आम्हाला वाटलं परीक्षेत काय येणार ते सांगतायत. सगळ्यांनी भराभर वह्या उघडल्या.

"बोलायच्या आधी," सर म्हणाले, "ज्याच्या विरुद्ध बोलायचंय, आधी त्याचं त्याला परत कर. त्याचं म्हणणं तुझ्या शब्दांत त्यालाच सांग. तो 'हो, हेच' म्हणाला की मग तुझं बोल. 'नाही' म्हणाला तर पुन्हा."

"आणि सर, तो मुद्दाम नाहीच म्हणत राहिला तर?"

"तर तास संपेल."

"मग?"

"संपू दे. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?"

अर्ध्या वर्गाला खरंच एस. टी. पकडायची होती, पण कुणी बोललं नाही. पुढे अपेक्षा येतच राहिल्या, काही त्या दिवशी, काही नंतर, त्यांना आठवतील तशा. पटलं तर खाली बसायचं, आणि बसणाऱ्याला हसायचं नाही. चर्चेचा निकाल लावायचा नाही, घंटा झाली की जिथे असेल तिथे सोडायची. गप्प बसलात तरी हरकत नाही, पण जाताना आज कुणाचं वाक्य घरी नेताय ते सांगून जायचं. आणि 'सगळ्यांना माहीतच आहे' असं म्हणायचं नाही. म्हणालात तर त्या सगळ्यांपैकी तिघांची नावं द्यायची.

ही शेवटची अपेक्षा आम्ही थट्टेवारी नेली. एका शनिवारी आपट्याचा मुलगा उठला आणि म्हणाला, इंग्रजांनी रेल्वे स्वतःच्या फायद्यासाठी आणली हे सगळ्यांना माहीतच आहे. सरांनी नावं मागितली. त्याने पटकन दोन मित्रांची दिली, तिसरं सुचेना म्हणून कँटीनवाल्या काकांचं दिलं. सरांनी शिपायाला पाठवून काकांना बोलावून घेतलं. काका हात पुसत आले आणि छत्तीस जणांसमोर उभे राहिले.

"इंग्रजांनी रेल्वे का आणली, तुम्हाला माहीत आहे असं हा म्हणतो," सर म्हणाले.

"सर, मी चहाला आधण ठेवून आलोय," काका म्हणाले. "मला कशाला मध्ये घेता?"

सरांनी त्यांची माफी मागितली, अगदी हात जोडून. मग आपट्याकडे वळून म्हणाले, "सगळ्यांमधून एक गेला. आता उरलेल्यांचं बघ."

आपट्याचा मुलगा म्हटलं, कारण सर आम्हाला नावाने हाक मारत नसत. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत की ते मुद्दाम ठेवत नसत, कोण जाणे. ते गावाच्या नावाने हाका मारत. आपटा म्हणजे पाताळगंगेकाठून येणारा एक उंच, लाजरा मुलगा. खांदा कॉलनी म्हणजे एक चटपटीत मुलगी, जिचं प्रत्येक वाक्य 'ॲक्च्युअली'ने सुरू व्हायचं. आणि तळोजा म्हणजे मी. आमचं गाव कारखान्यांच्या वसाहतीला लागून. संध्याकाळी वारा फिरला की आई खिडक्या लावून घेते, असं आमचं गाव.

या परत करण्याचं वेड वर्गाबाहेर गेलं तेव्हा मात्र मजा आली. सायकल स्टँडजवळ दोन पोरांची गाडी लावण्यावरून जुंपली. एकाने दुसऱ्याची कॉलर धरलेली. तेवढ्यात तिसरा ओरडला, "आधी त्याचं त्याला परत कर!" आता काय करणार? कॉलर धरूनच तो म्हणाला, "तुझं म्हणणं असं, की मी आंधळा आहे आणि माझ्या बापाने मला गाडी घेऊन द्यायला नको होती. बरोबर?" दुसरा म्हणाला, "बरोबर." पण एवढं झाल्यावर मारामारी करायची कशी हे दोघांनाही कळेना. कॉलर आपोआप सुटली. सरांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. "बापाचं वाक्य त्याने वगळलं नाही, हे चांगलं केलं," एवढंच म्हणाले.

स्वतःला ते सूट देत नसत, हेही सांगायला हवं. एकदा ते पनवेल कसं वाढलं ते सांगत होते. बोलता बोलता म्हणाले, "हळूहळू आजूबाजूची गावं शहरात आली." मी उठले. खरं तर मी त्या तासात क्वचित उठायचे. वर्गात माझी भाषा शुद्ध असायची, पण चिडले की घरची वर यायची, म्हणून मी सहसा चिडायचंच टाळायचे.

"गावं शहरात आली नाहीत, सर. शहर गावात आलं."

"म्हणजे तेच," सर म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

"तेच नाय!" आली ना घरची. "परत करा, सर."

सर फळ्यापासून वळले. "तू म्हणतेस की शहराने गावांच्या जमिनी घेतल्या."

"नाही. ते तर झालंच. ते नाही."

"तू म्हणतेस की गावकऱ्यांना विचारलं नाही."

"नाही, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग सावकाश म्हणाले, "तू म्हणतेस, तुम्ही जागचे हलला नाहीत. जे आले ते हलून आले. आणि तरी 'तुम्ही कुठले' हे ते तुम्हालाच विचारतात."

"हो," मी म्हणाले. मला एकदम रडू आलं, का ते तेव्हा कळलं नाही. सरांनी खडू डबीत ठेवला, शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि घंटा होईपर्यंत तिथेच बसून राहिले. पटलं तर बसायचं. तासाच्या शेवटी, कुणाचं वाक्य घरी नेताय असं विचारायची पाळी आली तेव्हा ते मागूनच म्हणाले, "मी तळोजाचं नेतो."

आता हजेरीबद्दल. सरांच्या हजेरीपटात तीन खुणा असत. ह, गै आणि उ. हजर, गैरहजर, उशिरा. बाकीचे प्राध्यापक उशिरा येणाऱ्याला दारातूनच परत पाठवत. सरांनी उशिरा आलेल्याला कधी बाहेर काढल्याचं मला आठवत नाही. फक्त त्याने दारात थांबून, दाराजवळच्याला आतापर्यंत काय झालं ते विचारून घ्यायचं आणि मगच आत यायचं. "उशीर हा गुन्हा नाही," ते म्हणत. "उशिरा येऊन पहिल्यापासून होतो असा आव आणणं हा गुन्हा."

आणि गैरहजर? बाप रे. सलग दोन शनिवार बुडाले की सर घरी येत. ओरडायला नव्हे, बुडालेली चर्चा द्यायला. शबनम खांद्याला लावून, पत्ता विचारत विचारत. नवीन पनवेलच्या एका मुलाच्या घरी ते असेच पोचले. मुलगा कॉलेजला गेलाय असं वडिलांना वाटत होतं आणि तो होता सिनेमाला. सर म्हणाले, हरकत नाही, तुम्हालाच देतो, तुम्ही त्याला द्या. एस. टी.त ड्रायव्हर असलेल्या त्या गृहस्थांनी पाऊण तास दोन शनिवारांची चर्चा ऐकून घेतली. संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर त्यांनी त्याला आधी चर्चा दिली आणि मग दुसरं जे द्यायचं ते दिलं. त्या पोराने पुढे वर्षभर एकही शनिवार बुडवला नाही.

माझे दोन शनिवार बुडाले ते जानेवारीत.

पहिल्या शनिवारी मला बघायला आले. मुलगा उरणचा. घरचे दोन ट्रक, बंदरावरची कामं, माणसं चांगली. मी हे आज उगाच म्हणत नाही. तो मुलगा खरंच वाईट नव्हता. माझ्याशी बोलताना त्याने मान खाली घातली होती आणि कॉलेजात काय शिकवतात ते विचारलं होतं. दुसऱ्या शनिवारी त्यांच्याकडून होकार आला. बाबांनी ठरवून टाकलं, टी. वाय.ची परीक्षा द्यायची आणि मे महिन्यात लग्न. मला पुढे एम. ए. करायचं होतं. दोन वर्षं, विद्यापीठात, मुंबईला. हे मी घरात एकदा बोलले होते, जेवताना, आणि बाबांनी "बगू" म्हणून भात मागून घेतला होता. त्यानंतर मी बोलले नाही. माझा स्वभाव असा की एकदा बोलून झालं की तोंड शिवून बसते. त्या शनिवारी मी कॉलेजला गेलेच नाही. कशाला जायचं, म्हटलं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास सर दारात हजर.

बाबा पाण्याचे टँकर चालवायचे, कारखान्यांना आणि नव्या सोसायट्यांना पाणी पुरवायचे. रविवारी त्यांना सुट्टी. बनियनवर बसले होते, ते धावत आत जाऊन शर्ट घालून आले. सरांना प्लॅस्टिकची खुर्ची दिली, पंखा लावला, मला चहा आणायला लावला. आई आत कोलंबी सोलत बसलेली, ती तिथेच दाराआड राहिली. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घरात साखरपुड्याची बोलणी चाललेली आणि हे आले चर्चा घेऊन!

सरांनी खरंच चर्चा दिली. दोन्ही शनिवारांची. "आपटा म्हणाला की दुष्काळ पावसामुळे पडत नाही. त्यावर खांदा कॉलनीने त्याचं त्याला परत केलं, पण आपट्याला ते मान्य झालं नाही. खांदा कॉलनी फार चिडली."

बाबा गंभीर होऊन ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "सर, आपट्याचा नि खांदा कॉलनीचा वाद पान्यावरनं झाला काय? टँकर पायजेत काय तुमाला?"

मला हसू फुटलं असतं, पण मी रागात होते. सरांनी शांतपणे सगळं समजावून सांगितलं. मग म्हणाले, "ही दोन शनिवार नव्हती."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आतल्या दाराकडे पाहिलं आणि खुर्चीत पुढे सरकले. "सर, तुमी आलात बरा झाला. मना म्हाईत हाय तुमी कशाला आलात. पोरीचा पुढचा शिकशान. आता मी बोलतो, ऐका. मी धावी नापास हाय, पन मना पोरीचा वैरी समजू नका. आमच्यात पोरं बारावीच्या पुढं जात नायत. एम. ए. झालेली पोर कोन करनार? ह्यो पोरगा दारू पीत नाय, मी चार जागी इचारलं. असं ठिकान दोन वरसं थांबनार हाय काय? आनि एम. ए. होऊन काय? तुमच्याच कालेजात म्याडम हायेत, एम. ए. झालेल्या, तासावर शिकवतात, यंदा हायेत, पुढच्या साली नायत. माज्या पोरीला नोकरी लागल, असं तुमी लिवून देता काय?"

मी सरांकडे पाहिलं. माझा सगळा जीव त्यांच्या उत्तराकडे लागला होता. आता हे बोलतील, ही मुलगी हुशार आहे, हिचं नुकसान करू नका. कुठलाही मास्तर हेच बोलला असता.

"आधी तुमचं तुम्हाला परत करतो," सर म्हणाले.

"आता?" मी मनात कपाळावर हात मारला.

"मुलगी हुशार आहे, हे तुम्हाला माझ्याआधी कळलेलं आहे. तिच्या शिकण्याला तुमचा विरोध नाही. तुम्हाला भीती आहे ती तिच्या एकटं पडण्याची. शिकून ती अशा जागी जाऊन बसेल, की आपल्या माणसांत तिच्या बरोबरीचं कुणी उरणार नाही, आणि बाहेरचे तिला आपलं म्हणणार नाहीत. आणि तेव्हा ती एकटी असताना तुम्ही असाल की नसाल, हे तुम्हाला माहीत नाही. बरोबर?"

बाबांचा आवाज बदलला. "हां. ह्येच. मना ह्या बोलता येत नव्हता. ह्येच."

"यावर माझ्याकडे उत्तर नाही," सर म्हणाले. "नोकरीचंही मी लिहून देऊ शकत नाही." आणि ते खुर्चीवरून उठले आणि खाली लादीवर मांडी घालून बसले.

"अवो सर! अवो, वर बसा!" बाबा ताडकन उठले. पाहुणा खाली आणि आपण खुर्चीवर, ही त्यांच्या दृष्टीने भयंकरच गोष्ट. सर उठेनात, म्हणून शेवटी बाबाही खाली बसले. दोन खुर्च्या रिकाम्या आणि दोन पुरुष लादीवर समोरासमोर. मला कळलं काय झालं ते. पटलं तर बसायचं. सरांना बाबांचं पटलं होतं. मी संपले, असं मला वाटलं. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल. अरे, तुमची अपेक्षा गेली खड्ड्यात, इथे माझं आयुष्य चाललंय!

"आता तिचं तिला परत करा," सर बाबांना म्हणाले.

"म्हंजी?"

"तिचं काय म्हणणं आहे ते तुम्ही सांगा. ती हो म्हणेपर्यंत."

बाबांना आधी गंमत वाटली. "त्यात काय? माजी पोर हाय." माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला नोकरी करायची हाय."

"नाही," मी म्हणाले.

"ह्यो पोरगा तुला पसंत नाय."

"नाही. तसं नाही."

बाबांच्या कपाळावर घाम आला, पंख्याखाली. त्यांनी एकदा सरांकडे पाहिलं, जणू काही उत्तर तिकडे लिहिलेलं असेल. मग म्हणाले ते असं, की मला अजून ऐकू येतं. "तुला आमच्यापासना लांब जायाचा हाय. ह्या वासातना, ह्या टँकरातना. आमची लाज वाटते तुला."

"नाय बाबा!" मी ओरडलेच. आणि मग मात्र रडायला लागले, अगदी लहान पोरीसारखी, आणि मला काही बोलता येईना. एकवीस वर्षं ज्या माणसाच्या खांद्यावर वाढले, त्याला माझ्याबद्दल असं वाटत होतं. आणि मी तोंड शिवून बसले होते, म्हणून त्याने ते स्वतःच्या मनाने भरून काढलं होतं.

तेव्हा आतून आईचा आवाज आला. ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती, हात कोलंबीने माखलेले, ते साडीला लागू नयेत म्हणून पुढे धरलेले. पाहुण्यांसमोर आई बोलल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"तिला दोन वरसं पायजेत," आई म्हणाली. "लगीन मोडायचा नाय, नोकरीचा बोलत नाय, लांब जायाचा नाय. रोज संध्याकाळला घरी येनार हाय ती. नुसती दोन वरसं पायजेत. आनि ती तुमच्या तोंडानं पायजेत. तुमी जा बोललात तर जाईल. नाय बोललात तर जायाची नाय, भांडायची बी नाय. लगीन करील, पोरं काडील, आनि ह्या गोष्टीचा शबुद काडनार नाय जलमभर. माज्यासारखी."

सर माझ्याकडे वळले. "बरोबर?"

"हो," मी म्हणाले. "हेच."

बाबा आईकडे बघत होते. माझ्याकडे नाही, तिच्याकडे. आईला सातवीतून काढलं होतं, एवढं मला माहीत होतं. तिला आठवीत जायचं होतं हे मात्र त्या दिवशी कळलं. बाबांनाही त्याच दिवशी कळलं असावं.

सर उठले, धोतर असतं तर झटकलं असतं अशा पद्धतीने त्यांनी पँट झटकली, गार झालेला चहा उभ्यानेच प्यायले आणि शबनम उचलली. बाबा म्हणाले, "सर, आता काय ठरला?"

"निकाल लावायचा नसतो," सर म्हणाले आणि चप्पल घालून गेले. मला तर वाटलं, मागे धावत जाऊन त्यांची शबनम ओढावी.

दुपारी बाबा कोलंबीचं कालवण नुसतं ढवळत बसले. सोमवारी सकाळी टँकर काढताना त्यांनी मला हाक मारली. एक पाय वर, एक खाली, किल्ली हातात. "तुज्या त्या एम. ए.चा फारम कवा भरायचा त्या इचारून ये," म्हणाले. "उरनवाल्यांना मी बोलतो. थांबले तर थांबले." आणि गाडी चालू केली.

थांबले नाहीत ते, हे आताच सांगते. त्या मुलाचं त्याच मे महिन्यात दुसरीकडे झालं. माझं झालं, पण उशिरा झालं. एम. ए. करून मी आज तासावर शिकवते, यंदा आहे, पुढच्या वर्षी माहीत नाही. म्हणजे बाबांचं बरंचसं खरंच निघालं, आणि सर त्या दिवशी उगाच लादीवर बसले नव्हते. तरी ती दोन वर्षं माझी होती. त्या वर्षांबद्दल मला कधी पश्चात्ताप झाला नाही. सर निवृत्त होऊन पनवेलात तळ्याकाठी राहतात. परवा बाजारात दिसले. भाजीवालीचं म्हणणं तिला परत करत होते आणि मागे चार बायका खोळंबल्या होत्या.

पण मी सोमवारचं सांगत होते. कॉलेजला गेल्या गेल्या मी स्टाफरूममध्ये धावले. "सर, बाबा हो म्हणाले!"

"काय म्हणाले? त्यांचे शब्द सांग."

मी सांगितले. सरांनी मान डोलावली आणि खणातून हजेरीपट काढला. शनिवारच्या रकान्यापुढे त्यांनी पट्टीने रेघ मारून रविवारचा एक नवा रकाना आखला होता. त्यात माझ्या नावापुढे लिहिलेलं होतं, गै.

"सर, मी तिथेच होते की!"

"होतीस. तीनदा नाही म्हणालीस आणि एकदा हो. तुझं म्हणणं तू एकदाही मांडलं नाहीस. दुसऱ्या कुणाला तरी मांडावं लागलं." हे ते रागावून म्हणाले नाहीत, म्हणून जास्त लागलं. मग त्यांनी पेन उघडलं. "आईंचं नाव काय?"

"कशाला, सर?"

"छत्तीसच्या खाली लिहायचंय. तळोजा तू आहेस. त्यांना तळोजा कसं म्हणणार?"

"हिरा," मी म्हणाले. सरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, सदतीस, हिरा. पुढे ह. मग त्याखाली अडतीस लिहून माझ्या नावामागचं बाबांचं नाव लिहिलं आणि पुढच्या चौकोनावर पेन थांबलं. गै लिहिणार, वाटलं. त्यांनी उ लिहिलं.

संध्याकाळी घरी येऊन मी हे सांगितलं. आई खिडक्या लावत होती. "मना हजर लावलान?" असं तिने तीनदा विचारलं, आणि नंबर कितवा तेही विचारलं. बाबा ओट्यावर पाय धूत होते. पाणी बंद करून म्हणाले, "आनि मी?"

"तुम्ही उशिरा आलात," मी म्हणाले.

बाबा टॉवेलने पाय पुसत म्हणाले, "पन आलो ना."